पाय उचलायचा नाही

बाबांचा फोन तीन वर्षांनी सुरू झाला तेव्हा दुकानात मी एकटाच होतो आणि बाहेर एक बाई काउंटरच्या काचेवर नाणं वाजवत विचारत होती, माझा झाला का, माझा झाला का. तिचा झाला नव्हता. तिचा बाजूला ठेवून मी बाबांचा उघडला होता. आईने आठवड्यापूर्वी रुमालात गुंडाळून दिलेला, म्हणाली, त्यातले फोटो निघतात का बघ, नाही निघाले तर राहू दे. बॅटरी फुगून फोनची पाठ वर आली होती. ती काढली, दुसरी बसवली, चार्जिंगच्या भोकात साठलेली धूळ ब्रशने काढली, आणि स्क्रीन आधी पांढरा झाला, मग काळा, मग बाबांनी माझ्याकडून लावून घेतलेलं ते शिलाई मशीनच्या चाकाचं चित्र. फोटो निघाले. एकशे बारा. त्यातले निम्मे बाबांच्या स्वतःच्या अंगठ्याचे. मी हसलोसुद्धा. मग सवय म्हणून, गिऱ्हाइकाच्या फोनची करतो तशी सगळी तपासणी करत गेलो. स्पीकर, माईक, सेटिंग, ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी. यादीत एकच नाव होतं. 'बारक्या नवा नंबर'. घरात मला बारक्या म्हणतात.

तसं ते मला माहीत होतंच. एक रिंग आणि मग बिझी, परत एक रिंग आणि परत बिझी, याचा अर्थ काय हे मी रोज दोन-तीन माणसांना या काउंटरवर समजावून सांगतो. ताई, तुमच्या फोनमध्ये काही नाही, समोरच्यानेच तुम्हाला ब्लॉक केलंय. ताई रडतात, किंवा म्हणतात तसं नसेल हो, नीट बघा. मी नीट बघतो. बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या शेवटच्या चार दिवसांत मला एक रिंग आणि मग बिझी येत होतं, आणि मला कळलं होतं. फक्त मला वाटलं होतं की ते बाबांनी केलं. मी कॉलेज अर्धवट सोडून या शहरात फोन दुरुस्तीला लागलो म्हणून चार महिने ते माझ्याशी धड बोलले नव्हते. म्हणायचे, मी जन्मभर लोकांच्या बिघडलेल्या वस्तू हातात घेतल्या, तू तरी नवी घे. आई फोनवर म्हणाली, छातीत थोडं पाणी झालंय, एवढ्यात येऊ नकोस, नवीन दुकान आहे तुझं. मग मी बाबांना फोन केला, ते 'हं, बोल' म्हणाले, आणि दोन मिनिटांत आमचं पुन्हा जुंपलं. दुसऱ्या दिवशी परत केला, परत तेच, आणि मी म्हणालो, तुम्हाला मी नकोच आहे ना, तसं सांगा एकदाच. तिकडून नुसता श्वास. मग कट. त्यानंतर एक रिंग आणि बिझी. तीन वर्षं मी त्या वाक्यासोबत जेवलो, झोपलो, दात घासले. माझ्या बापाने मरायच्या आधी आपल्या बोटाने मला यादीत टाकलं, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

पण ते सेटिंग चार पायऱ्या आत आहे. बाबांना गजर लावता यायचा नाही. रात्री फोन माझ्यासमोर धरायचे, सहाचा लाव रे. शिलाई मशीनचं आख्खं पोट डोळे मिटून जोडणारा माणूस, पण फोन म्हटला की लहान मूल. आणि त्या चार दिवसांत त्यांच्या उजव्या हाताला सलाईनची सुई आणि मनगटाखाली फळी बांधलेली होती, ते मी नंतर त्या हातावरच्या निळ्या डागांवरून ओळखलं, म्हणजे सगळं आटोपल्यावर पोहोचलो तेव्हा. फोन खाटेजवळच्या कपाटावर असायचा. आईला दवाखान्याच्या वासाने चक्कर यायची, म्हणून ती घरी. खाटेजवळच्या खुर्चीत एकच माणूस बसायचा. दादा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, टायरच्या कंपनीत मॅनेजर, घरातला शहाणा. यादीखाली अडवलेले कॉल होते, माझे, वेळेसकट. एकोणीस. मी ते खालून वर वाचले, वरून खाली वाचले. बाईने काचेवर परत नाणं वाजवलं. मी म्हणालो, उद्या या. ती म्हणाली, तुमचा उद्या कधी उगवतच नाही.

त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज. चार दिवस समुद्रावर जायचं, आई, आम्ही दोघं, तू, खोल्या घेतल्यात, नाही म्हणू नकोस, तुझं ते मासे पकडायचं सामान आण, मलाही शिकव. खाली वहिनीचा हसणारा चेहरा. मी लिहिलं, येतो. ते लिहिताना माझा अंगठा अगदी शांत होता, सोल्डर करताना असतो तसा.

मासे पकडणं मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघून शिकलो. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीवर खूश होऊन जुना रॉड दिला आणि मी सहा महिने दुकानाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती नुसता फेकायचा सराव केला, गळ न लावता, शेवटाला खोडरबर बांधून. नंतर रविवारी बस पकडून खाडीवर जायला लागलो. बोटीत बसायचं नाही, काठावरून फेकायचं नाही, जुने बूट घालून पाण्यात उतरायचं, मांडीपर्यंत, आणि शिशाचं डोकं असलेल्या गळात मऊ रबरी मासा ओवून तो लांब टाकायचा. तो बुडू द्यायचा. रॉडचं टोक दोनदा हलकंच उडवायचं, मग परत बुडू द्यायचं. खरा मासा तो वर उडतो तेव्हा चावत नाही, दमल्यासारखा खाली जायला लागतो तेव्हा चावतो. हे मला फार आवडायचं. कुणीतरी खाली जात असलं की त्याच्यावर कोण येतं, ते दोरीतून बोटाला कळतं.

समुद्रावरचं घर म्हणजे एका म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. लोखंडी खाटा, खिडकीला निळा रंग, प्रत्येक खोलीत एक विजेची किटली आणि तिच्यावर चिकटवलेला कागद, अर्धीच भरावी. समोर उथळ पाणी लांबवर पसरलेलं. पहिल्या सकाळी बाकीचे झोपलेले असताना मी खाली गेलो तर मालकीणबाई पायरीवर बसून पाय चोळत होत्या. त्यांच्या घोट्यावर एक जुना खड्डा होता, जांभळट, एखाद्याने चमच्याने काढल्यासारखा. माझा रॉड बघून म्हणाल्या, "पाण्यात उतरणार?"

"हो."

"मग एक ऐका. पाय उचलायचा नाही. घासत चालायचं. वाळूत पाकट पुरून बसलेलं असतं, चपटा मासा, असं ताटाएवढं. पाय घासत गेलात की त्याला आधी कळतं, ते बिचारं निघून जातं. उचलून वर ठेवलात की शेपटीचा काटा मारतं. मी बावीस वर्षांची होते. बाळंतपण परवडलं."

"आणि लागला तर?"

"गरम पाणी. सोसेल तेवढं गरम, दीड तास. विष त्यानेच मरतं. पण दुखऱ्या पायाला विचारायचं नाही गरम आहे का, त्याला आग आणि चटका यातलं काही कळत नसतं. साल सोलून निघते नि पत्ता लागत नाही. आधी चांगला पाय घालून बघायचा. कळलं? तुमच्या भावालाही सांगा."

मी म्हणालो, सांगतो.

हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर मला स्वतःलाच ते धूसर करावंसं वाटलं. मी विसरलो नाही. मी सांगतो म्हणालो आणि जिना चढताना तिसऱ्या का चौथ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य आता फक्त माझ्याकडे आहे. एक वाक्य. दोन सेकंदांचं. जसं 'त्याचा फोन येतोय, घ्या' हे दादाकडे होतं. ते एकोणीस वेळा त्याच्याकडे होतं. जिन्याच्या भिंतीला ओल आली होती, तिच्यावर मी हात टेकवला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी वर जाऊन पुन्हा झोपलो.

न्याहारीला वहिनी रबरी मासे टेबलावर मांडून बघत होती. पांढऱ्या अंगाचे, गुलाबी शेपटीचे, हातात घेतले की थरथरणारे. वहिनी शाळेत गणित शिकवते आणि कुणालाच सोडत नाही. म्हणाली, "म्हणजे खोटा मासा दाखवून खरा मासा ओढायचा. बारक्या, हे तर तुझ्या दादाच्या लग्नाच्या स्थळासारखं झालं. फोटोत केस होते."

"होते," दादा म्हणाला. "तू आलीस नि गेले."

"आणि रबर," ती म्हणाली, "रबर म्हणजे तर तुमचा घरचाच धंदा."

आई हसता हसता मला म्हणाली, "याला जपून ने रे. याला पोहता येतं पण श्वास पुरत नाही. बाबांसारखा आहे." मग बाबांचं नाव आल्यावर जे होतं ते झालं, सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. दादाने सगळ्यात आधी मान वर केली. "चल," म्हणाला, "गुरुजी." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. थाप चांगली होती, मोठ्या भावाची. तो वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. तो माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करायला दोन बस बदलून आला होता. तो आईला दर रविवारी आंघोळीनंतर केस वाळवायला उन्हात खुर्ची टाकून देतो. हे सगळं मला माहीत आहे आणि माझ्या बॅगेत, मोज्यांच्या खाली, बाबांचा फोन होता, पूर्ण चार्ज केलेला.

पाणी गार नव्हतं. घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याच्या मागच्या मऊ जागेला, तिथे ते लागलं की माणूस लहान होतो. ओहोटीचं पाणी, तळाला फिकट वाळू आणि मधूनमधून गवताचे काळे पट्टे. मी पाय घासत चाललो होतो. डावा सरकव, उजवा सरकव, जुनी माणसं देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर चालतात तसं. माझ्या मागे दोन रेघा उमटत होत्या आणि त्यांच्यात धुरळा. दादा माझ्या उजवीकडे दहा हातांवर, आणि तो चालत होता माणसासारखा. गुडघा वर, पाय वर, धप. गुडघा वर, पाय वर, धप. माझ्या डोळ्यांवर तो चष्मा होता ज्याने पाण्यावरची चमक कापली जाते आणि तळ दिसतो. दादाकडे नव्हता. त्याच्यासाठी समुद्र म्हणजे एक पत्रा होता, तापलेला. तो तळहात कपाळावर धरून म्हणाला, "तुला काही दिसतंय का यात?"

"थोडंफार."

"मला तर नुसता उजेड."

मी त्याला फेकायला शिकवलं. खरंच नीट शिकवलं. बोट दोरीवर कुठे, कधी सोडायचं, मनगट किती, खांदा नाही वापरायचा. त्याच्या मागे उभं राहून मी त्याचा हात धरला. त्याच्या मानेला बाबांसारखा वास येत होता. म्हणजे साबणाचा आणि जरा यंत्राच्या तेलाचा, पण दादा तर कधी तेलाला हात लावत नाही, मग तो कुठून येत होता माहीत नाही. बाबा मला मशीनच्या पुढ्यात बसवून असाच मागून हात धरायचे, चाक आपल्याकडे फिरवायचं, उलटं नाही, उलटं फिरवलंस तर दोरा तुटतो. मी पाच-सहा वर्षांचा असेन. बाबांचे हात मोठे आणि त्यांच्या नखांत काळी रेघ, आणि त्याच हातांनी मला यादीत टाकलं असं मी तीन वर्षं धरून चाललो. त्या हातांवर मी रागावलो. मेलेल्या माणसाच्या हातांवर. दादाने माझ्याकडून माझा बाप घेतला तो घेतलाच, वर त्याचे हातही घेतले. मी दादाचं मनगट सोडलं आणि दहा हात लांब झालो, घासत.

"तुझी चप्पल सैल आहे का?" दादाने विचारलं.

"बूट आहेत."

"मग असा का चालतोयस, लग्न ठरल्यासारखा?"

मी म्हणालो, "सवय."

सांगायची ही पहिली वेळ. मग त्याने विचारलं, इथे साप-बिप असतात का, मी म्हणालो, साप नाही. ही दुसरी. मग तो एकदा जाग्यावरच नाचल्यासारखा पाय आपटत म्हणाला, वाळू काय मऊ आहे रे, तिसरी वेळ. मी मोजत होतो. मनात मी ठरवलं होतं की मी काही करणार नाही. काही करणं वेगळं. मी फक्त गप्प बसणार, तो बसला तसा. आणि काहीच झालं नाही तर नाही, आणि झालं तर ते समुद्राने केलं. असा हिशोब मी लावला, आणि वहिनीने तो बघितला असता तर लाल शाईने काट मारली असती. कारण दर दोन मिनिटांनी माझं तोंड उघडत होतं. आपोआप. जीभ वर जाऊन 'दा'ला टेकत होती. मी प्रत्येक वेळी ती परत खाली आणत होतो. कुणावर तरी सूड घेणं हे इतकं दमवणारं काम असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि मला घाम फुटला होता.

मग त्याला मासा लागला. मला सकाळपासून काही नाही, आणि त्याला, पाचव्या का सहाव्या फेकीला. रॉड असा वाकला की तो घाबरून 'ए, ए, ए' करायला लागला, आणि रिळाचा तो कर्र आवाज, दोरी पाण्यावर आडवी धावत गेली, तिकडे लांब एक पांढरं अंग उलटलं आणि चमकलं. "बारक्या! काय करू? बारक्या!" "ओढू नकोस, त्याला जाऊ दे, दमू दे," मी ओरडलो, कारण ते आपोआप येतं, त्याला शत्रू-मित्र कळत नाही. दादा हसत होता. तोंड पूर्ण उघडं, पुढचा दात थोडा आडवा, तो त्याचा आठवीतला चेहरा होता, मी फोटोत पाहिलेला. म्हणाला, "बाबा असते ना, बाबा असते तर..." आणि मासा त्याच्याकडेच धावून आल्यामुळे दोरी सैल पडली आणि ती ताणायला तो एक पाऊल मागे गेला. मग दुसरं.

मला ते दिसलं होतं. त्याच्या मागे दीड हातावर, वाळूत एक गोल फुगवटा, ताटाएवढा, कडा किंचित हलणारी, आणि वरच्या अंगाला दोन भोकं, त्यांतून वाळूचा बारीक धूर येत जात होता. श्वास घेत होतं ते. मास्क लावल्यासारखं. मी तोंड उघडलं. यावेळी जीभ वर गेली आणि तिथे राहिली. मला वाटतं मी 'दादा' म्हणालो. मोठ्याने म्हणालो का, आधी म्हणालो का नंतर, मला आजही सांगता येत नाही, आणि सांगता येत असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

त्याने पाय उचलला आणि ठेवला.

तो ओरडला नाही आधी. आधी त्याने खाली बघितलं, कुणी पायाला हात लावल्यासारखं. वाळूचा एक मोठा ढग उडाला आणि त्यातून ते तपकिरी अंग सपासप निघून गेलं. मग त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता, आणि पाण्यात लाल रंग वर यायला लागला, सावकाश, सुतासारखा. मी घासत त्याच्याकडे गेलो. आणि मी आधी रॉड पकडला. हेही लिहून ठेवतो. भाऊ पाण्यात कोसळत होता आणि माझा हात आधी रॉडकडे गेला. मासा अजून दोरीला होता, ठक ठक करत होता. मी दोरी दाताने तोडली, रॉड काखेत घातला, आणि मग दादाला पाठीवर घेतलं. तो माझ्यापेक्षा वीस किलोने जड आहे. तो माझ्या कानात 'जळतंय, जळतंय रे' म्हणत होता आणि त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर आपटत होती. आणि मी सगळा रस्ता, काठ येईपर्यंत, पाय घासत चाललो. डावा सरकव, उजवा सरकव. अर्ध्या वाटेवर तो एकदम बोलायचा थांबला. मला वाटलं शुद्ध गेली. पण त्याचा श्वास माझ्या मानेवर होता आणि तो खाली बघत होता, माझ्या पायांकडे.

वर गेल्यावर काय गोंधळ झाला ते सांगत नाही. आई भिंतीला धरून खाली बसली. मालकीणबाईंनी पाय बघितला, घोट्याच्या वर बोटभर चीर, कडा पांढऱ्या पडलेल्या, काटा आत राहिला नाही म्हणाल्या, नशीब. डॉक्टरला फोन लावला, तो तासा-दोन तासांत येतो म्हणाला, तोवर गरम पाणी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं होतं ना भावाला?" त्यांनी विचारलं. सगळ्यांसमोर. आईसमोर, वहिनीसमोर. मी काही बोलायच्या आत लोखंडी खाटेवरून दादा म्हणाला, दात आवळून, "सांगितलं होतं. मीच विसरलो."

वहिनी रडत रडत म्हणाली, "नेहमीचंच. ऐकायचंच नाही कुणाचं." आणि मला म्हणाली, "तू होतास म्हणून, बारक्या. पाठीवर आणलंस." तिने माझा हात धरला. मी तो काढून घेतला, किटली भरायला हवी म्हणून. अर्धीच भरली. सूचना होती.

आईला मालकीणबाईंनी खाली नेलं, वहिनी डॉक्टरची वाट बघायला रस्त्यावर गेली. खोलीत आम्ही दोघं, एक प्लास्टिकची बादली, आणि खिडकीचा निळा चौकोन. दादाचा चेहरा राखेसारखा. पाय बादलीत. पाणी निवत होतं. तो म्हणाला, "चष्मा तुझ्याकडे होता."

"हो."

"दिसलं होतं तुला."

मी बॅगेतून मोज्यांखालचा फोन काढला, सुरू केला, यादी उघडली आणि त्याच्या छातीवर ठेवला. त्याने बघायला वेळ लावला नाही. त्याने फोन बघितला आणि लगेच डोळे मिटले, म्हणजे तीन वर्षं तो याचीच वाट बघत असल्यासारखे.

"तुझा फोन आला की बाबा ऑक्सिजनचा मास्क काढायचे," तो म्हणाला. "दोनदा काढला. दुसऱ्यांदा तू काहीतरी म्हणालास आणि ते तुला उत्तर द्यायला म्हणून उठून बसले, नळी ओढली गेली, नर्स ओरडली माझ्यावर. त्यांना बोलताच येईना. तोंड नुसतं हलत होतं. मला वाटलं दोन दिवस. दोन दिवसांनी ब्लॉक काढू. बारक्या, पाणी..."

"मग?"

"मग ते आयसीयूत गेले. मग मी विसरलो. मग ते गेले. मग काय सांगणार होतो मी तुला?"

"त्यांनी विचारलं का?"

तो पायाच्या बोटांनी बादलीच्या तळाला खरवडत होता.

"दादा. त्यांनी माझं विचारलं का?"

"रोज," तो म्हणाला. "पाटीवर लिहून. मी म्हणायचो, कामात आहे."

किटली टक् करून बंद झाली. मी ती उचलली. कामात आहे. माझ्या बापाने फळी बांधलेल्या हाताने पाटीवर माझं नाव लिहिलं आणि ऐकलं काय, तर बारक्या कामात आहे. आणि तेव्हा मी दुकानाच्या मागच्या बोळात उभा राहून एक रिंग ऐकत होतो. एकोणीस वेळा. वाफ माझ्या मनगटाला लागत होती. दादा डोळे मिटून म्हणाला, "ओत. ओत रे पटकन, पाणी गार झालंय, विष परत चढायला लागलंय."

त्या पायाला काही कळणार नव्हतं. मला माहीत होतं, आणि हेही वाक्य पुन्हा फक्त माझ्याकडे होतं. मी थोडं ओतलं. अजून थोडं ओतलं. तो 'हां, हां' म्हणाला. अजून. बादलीवर वाफेचा पडदा आला आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क आराम पसरला, मी काय करतोय हे न कळणाऱ्या माणसाचा आराम. हाच चेहरा बाबांचा असेल, मला वाटलं. कामात आहे, बरं, असू दे कामात.

मी त्याचा पाय घोट्याच्या वर धरून झटकन बाहेर काढला. तो किंचाळला. दुसरा पाय, चांगला, धरून बादलीत घातला आणि म्हणालो, "हा काय म्हणतो बघ."

त्याने तो बाहेर फेकला जवळजवळ. "भाजतंय! अरे वेडा आहेस का?"

मी मोरीतून गार पाणी आणलं. तांब्या, दोन तांबे. परत चांगला पाय घातला. तो थांबला, विचार केला, म्हणाला, "सोसतंय." मग दुखरा. तो माझ्याकडे बघत होता. बादलीकडे, किटलीकडे, परत माझ्याकडे. त्याला सगळं कळलं होतं, आधीचं आणि आत्ताचं.

"आईला सांगणार आहेस?" त्याने शेवटी विचारलं.

मी खुर्ची ओढली, त्याला मी दिसेन पण माझा चेहरा उजेडाविरुद्ध राहील अशी, खिडकीला पाठ करून. बाबांचा फोन त्याच्या छातीवरून उचलला आणि त्यात गजर लावला, मालकीणबाईंच्या दीड तासातला जेवढा उरला होता तेवढ्याचा. एक तास दहा मिनिटं.

"बारक्या. सांगणार आहेस का?"

फोन मी मांडीवर उलटा ठेवला. खाली रस्त्यावर वहिनी कुणालातरी वाट दाखवत होती, इकडून नाही, तिकडून, तिकडून वर या.

"बारक्या."